आईपेक्षा थोरली फुप्फुसं

आनंदराज जोंधळे यांची फुप्फुसं त्यांच्या आईपेक्षा वयानं मोठी आहेत, असं डॉक्टर जेबानं सांगितलं, तेव्हा सगळ्यात जास्त राग आला तो आईला. पारूबाई ऐंशीला टेकलेल्या होत्या आणि घरात आपल्यापेक्षा मोठं कुणी असणं त्यांना मान्य नव्हतं.

"माझ्या पोटी जल्मलं न् माझ्याहून मोठं झालं? कसली मशीन म्हनायची ती?"

मशीन तशी साधीच होती. जेबा ही शेजारच्या गफूरभाईंची लेक. लहानपणी जोंधळ्यांच्या ओट्यावर बसून पाढे म्हणायची, आता नांदेडातच सरकारी दवाखान्यात छातीची डॉक्टर झाली होती. तिनं आनंदराजांच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि म्हणाली, काका, जोरात फुंका, अजून फुंका, सोडू नका. आनंदराजांची अडचण अशी, की आयुष्यभर त्यांना आत ओढायची सवय. बाहेर टाकायचं म्हटल्यावर काही निघेना. यंत्रातून जो आलेख आला तो चढायच्या आधीच दम लागून खाली बसला होता.

जेबानं गोळ्या सांगितल्या, चघळायचा निकोटीनचा डिंक सांगितला, आठवड्याला येऊन भेटायला सांगितलं. सिगरेट एकट्यानं सुटत नाही काका, मदत घेतली की सुटते, असंही सांगितलं. आनंदराजांनी मान डोलावली आणि मनात ठरवलं, की ज्या मुलीला आपण सातचा पाढा शिकवला तिच्याकडून डिंक घ्यायचा नाही. सोडायचीच तर मानानं सोडायची, कुणाला कळू न देता, जशी धरली होती तशी.

सोडायची का, याचं कारण मात्र फुप्फुस नव्हतं. कारण होतं वंदना.

सम्यक नगरच्या विहारात दर पौर्णिमेला त्रिशरण-पंचशील द्यायचा मान आनंदराजांचा. ते पुढं एकेक ओळ म्हणणार, सगळी वस्ती मागून म्हणणार. आधी त्यांचे वडील म्हणायचे. आनंदराजांचा आवाज असा, की वस्तीबाहेरच्या रस्त्यावर ऑटोवालासुद्धा हॉर्न द्यायचा थांबायचा. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांचं कुणी ऐकत नसे, घरात पारूबाई असल्यामुळं ऐकायचा प्रश्नच नव्हता, पण विहारात अख्खी वस्ती ते म्हणतील ते शब्द न् शब्द परत म्हणायची. माणसाला आयुष्यात एवढं पुरतं.

अलीकडं मात्र ओळीच्या मधेच दम तुटायला लागला होता. आणि समितीचे अध्यक्ष लिंबाजी यांनी एक भलामोठा स्पीकर आणून ठेवला होता. मोबाईलला जोडला की त्यातून वंदना आपोआप निघायची, एकदाही न खोकता. लिंबाजी काही बोलत नसत. फक्त आनंदराजांना दम लागला की प्रेमानं स्पीकरवरची धूळ पुसत.

बुद्धपौर्णिमा महिन्यावर आली होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. पाचव्या शीलात मद्य आणि मादक पदार्थ येतात, तंबाखू येत नाही, असा आनंदराजांचा अभ्यासपूर्ण निष्कर्ष होता आणि तो ते सिगरेट पेटवता पेटवता समजावून सांगत. त्यावर त्यांची बायको लुंबिनी, जी शाळेत पोरांना इतिहास शिकवायची, एकदाच बोलली होती.

"अहो, अडीच हजार वर्षांमागं तंबाखू इकडं आलीच नव्हती, म्हणून राहिली. आली असती तर तुमच्या नावासकट घातली असती."

तर अशा या लुंबिनीबाईंनी, नवऱ्याचा गुपचूप सोडायचा बेत कानावर आल्यावर, तो चैत्र पौर्णिमेला वंदना झाल्याबरोबर उभं राहून सगळ्यांना सांगून टाकला. त्यांचं म्हणणं, चारचौघांत सांगितलं की माणूस मागं फिरत नाही. हेतू चांगलाच होता. आनंदराजांच्या आयुष्यातली सगळी संकटं चांगल्या हेतूनंच आलेली आहेत.

टाळ्या पडल्या. लिंबाजींना भरून आलं. आणि ज्या गोष्टीनं त्यांना भरून येतं तिचा फ्लेक्स होतो, हा वस्तीचा नियम. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'व्यसनमुक्तीचे प्रेरणास्थान मा. आनंदराज जोंधळे साहेब यांचे हार्दिक अभिनंदन.' मधे आनंदराजांचा हात जोडलेला फोटो, खाली समितीच्या सगळ्या सभासदांचे त्याहून मोठे फोटो. त्यातले निम्मे तोंडात तंबाखूचा खर्रा धरूनच फोटो काढायला बसले होते, हे गालांवरून दिसत होतं.

फ्लेक्स बांधायला खांब लागतात. चौकात खांब होते ते मन्मथच्या पानटपरीसमोर.

त्या संध्याकाळी आनंदराज सवयीनं टपरीवर गेले. सोडायची होतीच, पण हळूहळू सोडायची होती, आणि हळूहळू सोडायला थोडी लागते. मन्मथनं पाकिटाला हात घातला, मग समोर बघितलं, मग यांच्याकडं बघितलं, आणि हात मागं घेतला. साहेब, माफ करा, लोकं मला शिव्या देतील, तो म्हणाला. बडीशेप देऊ का?

आनंदराजांनी बडीशेप घेतली. वर फोटोतले आनंदराज हात जोडून बघत होते.

पुढच्या काही दिवसांत त्यांना कळलं, की फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरून राहिला. तो इतका फिरला, की लातूरच्या मेहुण्यांचा फोन आला, दाजी, तुमच्यावर गर्व हाय, आता आमच्याकडं व्याख्यानाला या. शेजारणी लवंगा आणून देऊ लागल्या. कुणी पेरूची कोवळी पानं, कुणी ओवा, कुणी जिरं. एका काकूंनी सांगितलं, तलफ आली की ताक प्यायचं. ताक, लवंग, ओवा आणि बडीशेप अशा क्रमानं आनंदराजांच्या पोटाची जी दशा झाली, तिच्यापुढं फुप्फुसं बरी म्हणायची वेळ आली.

शेवटी एका शनिवारी त्यांनी घरी कचेरीचं काम म्हणून सांगितलं आणि पॅसेंजर धरून ते उमरीला गेले. उमरीत त्यांचं कुणी नव्हतं, आणि तीच उमरीची खुबी होती. स्टेशनाबाहेर लिंबाखाली उभं राहून त्यांनी एक बिडी पेटवली. पहिला झुरका घेतला तोच मागून आवाज आला, "तुम्ही फ्लेक्सवाले जोंधळे साहेब ना?"

तो माणूस कुणाचा तरी सोयरा होता. त्याला सेल्फी पाहिजे होता. आनंदराजांनी पेटती बिडी शर्टाच्या खिशात टाकली आणि हसले. फोटोत ते हसताना दिसतात, पण नीट बघितलं तर त्यांच्या छातीतून बारीक धूर निघताना दिसतो. तो फोटोही लातूरला पोचला. मेहुण्यांनी मागं निसर्ग छान आहे असं कळवलं.

घरी आल्यावर लुंबिनीबाईंनी खिशाचं भोक बघितलं. काही न बोलता त्या सुईदोरा घेऊन बसल्या. बाई बोलत नाही तेव्हा घरात काय असतं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको.

हे कमी होतं म्हणून की काय, फ्लेक्सची कीर्ती कचेरीत गेली. वरून एक परिपत्रक आलेलं होतं, की प्रत्येक कचेरी तंबाखूमुक्त करावी आणि त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. कचेरीच्या मोठ्या साहेबांनी फारसा विचार केला नाही. आनंदराजांच्या हातात आदेश पडला. कचेरीच्या आवारात कुणी ओढताना सापडल्यास त्याला समज द्यावी, नाव कळवावं. आता आवारात ओढायची जागा एकच, रेकॉर्ड रूमच्या मागं, जुन्या जीपच्या आडोशाला. ती जागा शोधून काढली होती आनंदराजांनीच. तिथं बसायला जी फरशी होती तीही त्यांनीच आणून टाकलेली.

जड पायांनी ते मागं गेले. फरशीवर नरसिंग बसला होता. नरसिंग मूळचा किनवटकडचा, आनंदराजांच्या हाताखालचा क्लार्क, आणि परिपत्रक वाचण्यात त्यांच्याही वरचढ. त्यानं हातातली जाडसर बिडी लपवलीसुद्धा नाही.

"साहेब, नाव लिवा, पण आदी नीट वाचा. परिपत्रकात काय लिवलंय? तंबाखू. ही तंबाखूच न्हाई."

मग काय आहे, असं आनंदराजांनी विचारायला हवं होतं. पण सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला काय विचारू नये हे बरोबर कळतं. नरसिंग आपण होऊन म्हणाला, की हा झाडपाला आहे, निसर्गाची देणगी, कंपनीचं केमिकल नाही. त्याच्या चुलत्याची दहा वर्षांची सिगरेट ह्यानंच सुटली. फक्त धूर लगेच सोडायचा नाही, आत धरून ठेवायचा, तेव्हा गुण येतो. त्यानं दोन बिड्या कागदात गुंडाळून साहेबांच्या भोक नसलेल्या खिशात सरकवल्या.

आनंदराजांना पटलं. पटायला त्यांना फार लागत नव्हतं. तंबाखू नाही म्हणजे संकल्प मोडत नाही, परिपत्रक मोडत नाही, फ्लेक्सही खोटा पडत नाही. आणि पाचव्या शीलात झाडपाला कुठं आहे? तिथं आहे, अगदी तोच आहे, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. सुचलं ते त्यांनी बाजूला ठेवलं, जसं अडचणीचं टपाल ठेवतात.

त्या दिवशी दिवेलागणीला ते गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं गेले. पेटवली. ओढली. सांगितल्याप्रमाणं धूर आत धरला. काही झालं नाही. अजून ओढली, अजून धरली. निसर्गाची देणगी फारच संथ आहे असं वाटलं म्हणून दुसरीही पेटवली.

मग टाकी धडधडू लागली. त्यांना वाटलं मोटार चालू झाली. मोटार बंद होती. धडधडत होती ती त्यांची छाती, आणि ती इतक्या जोरात की शेजारच्यांना ऐकू जाईल अशी त्यांना लाज वाटली. जीभ टाळूला चिकटली. गच्चीवरून चौकातला फ्लेक्स दिसायचा. त्यातले आनंदराज आता हात जोडून नुसते बघत नव्हते, नाव लिहून घेत होते. माफ करा साहेब, असं आनंदराज त्यांना दोनदा म्हणाले. मग जिना उतरायला लागले आणि जिना काही संपेना. आपण मेलो आहोत, आणि मेल्यावर माणसाला जिनाच उतरावा लागतो, अशी त्यांची खात्री पटली.

ते स्वतःच्या घरी गेले नाहीत. तेवढी शुद्ध होती. गफूरभाईंच्या दारात जाऊन बसले.

गफूरभाई एसटीतून रिटायर झालेले मेकॅनिक. त्यांच्या स्वतःच्या हृदयात स्प्रिंगा घातलेल्या. त्यांनी आनंदराजांचा चेहरा बघितला आणि आतल्या दिशेनं हाक मारली, "जेबा, ये बेटा, साहबांचं इंजन गरम झालंय."

जेबानं नाडी धरली, डोळे बघितले, मग शर्टाचा वास घेतला. तिचा चेहरा जो पडला तो आनंदराज नंतर कधी विसरले नाहीत. तिनं त्यांना आडवं केलं, बोटाला यंत्र लावलं, पाणी पाजलं आणि ठोके खाली येईस्तोवर हात धरून बसली.

"काका, हा गांजा आहे. आणि नुसता नाही, त्यात तंबाखू चुरलेली आहे. मग सुटली काय? एकाचे दोन झाले."

झाडपाला आहे, निसर्गाचा आहे, असं आनंदराज पुटपुटले.

"तंबाखूपण झाडच आहे ना? धूर फुप्फुसात गेला की त्याला गाव विचारत नाहीत. पान कुठलंही जाळा, डांबर साचतंच. वरून तुम्ही तो आत धरून ठेवला. तुमच्या वयात, अशा छातीला, असे ठोके वाढले तर हृदय बंद पडू शकतं. आज नाही पडलं, एवढंच."

गफूरभाई म्हणाले, मी सोडली ते काही शहाणपण आलं म्हणून नाही साहब. ऑपरेशनच्या टेबलावर झोपून सोडली. तिथं मान नसतो, अंगावर कपडेपण नसतात. तुम्ही बसल्या जागी सोडू शकता, तर का एवढा रुबाब करून राहिले?

आनंदराजांनी मान वळवली तर दारात लुंबिनीबाई उभ्या होत्या. हातात गफूरभाईंकडचा रिकामा डबा, परत द्यायला आणलेला. त्या केव्हापासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी डबा हळूच खाली ठेवला, नवऱ्याच्या पायात चपला घातल्या, आणि त्याला धरून घरी नेलं. पारूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही आत्याबाई, ऊन लागलं. बाहेर अंधार पडला होता. पारूबाईंनी सुनेकडं बघितलं, मग लेकाकडं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गप्प बसल्या.

नरसिंगला आनंदराजांनी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं, की परिपत्रक नीट वाचलं, आणि तुझा झाडपाला त्याच्यापेक्षा मोठ्या कायद्यात बसतो. नरसिंगनं रजा टाकली. तो फरशी सोबत घेऊन गेला की काय कुणास ठाऊक, ती परत दिसली नाही.

त्यानंतर आनंदराजांनी खरंच सोडली. म्हणजे घरात सोडली, वस्तीत सोडली, कचेरीत सोडली. दिवसातून एखादी, तीही अर्धी, गोदावरीच्या पुलापलीकडं जाऊन, एवढीच राहिली. अर्धी म्हणजे सोडल्यासारखीच, असा हिशेब होता. जेबाकडं ते गेले नाहीत. कुठल्या तोंडानं जाणार?

बुद्धपौर्णिमा उजाडली. विहार फुलांनी सजलेलं, बायका पांढऱ्या साड्यांत, मागं खिरीचं पातेलं. पारूबाई भिंतीला टेकून पुढंच बसल्या होत्या, लेकाचा आवाज ऐकायला. आनंदराज पांढरा सदरा घालून मूर्तीसमोर गुडघ्यावर बसले. लवंग तोंडात, ताक पोटात. स्पीकर कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता. आज आवाज लागेल असं वाटत होतं.

लिंबाजी मेणबत्ती घेऊन पुढं आले आणि खिसे चाचपू लागले.

"काडीपेटी हाय का कुनाकडं?"

आता बघा, आनंदराजांचा स्वभाव असा, की कुणी काही मागितलं की हात आपोआप पुढं होतो. कचेरीत पेन, बसमध्ये सुट्टे, कार्यक्रमात सतरंजीचं टोक. त्यांचा हात सदऱ्याच्या आतल्या खिशात गेला आणि काडीपेटी घेऊन बाहेर आला. काडी ओढूनसुद्धा झाली. ज्योत धरून ते लिंबाजींकडं हसून बघत होते, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की विहारात कुणी श्वास घेत नाहीये.

अख्ख्या वस्तीत त्या घडीला काडीपेटी बाळगणारा माणूस एकच निघाला होता, आणि त्याचा फ्लेक्स चौकात लागला होता.

लिंबाजींनी मेणबत्ती पुढं केली. ती पेटली. काय करणार, पेटवायची तर होतीच. आनंदराजांनी काडीपेटी मूर्तीसमोर ठेवून दिली आणि हात जोडले. बायकांच्या बाजूला बघायची त्यांची छाती झाली नाही.

वंदना सुरू झाली. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. ते म्हणत होते, वस्ती मागून म्हणत होती, पण आज मागचा आवाज जरा दबका होता. चौथ्याला घशात काहीतरी खरखरलं. पाचवं शील सगळ्यात लांब आहे, ज्यांनी म्हटलंय त्यांना ठाऊक आहे.

"सुरामेरय," आनंदराज म्हणाले.

"सुरामेरय," वस्ती म्हणाली.

पुढचा शब्द आलाच नाही. खोकला आला. इतकी वर्षं ते म्हणतील ते मागून म्हणायची सवय, मागच्या रांगेतल्या एकदोघांनी तो खोकलाही म्हटला. कुणी हसलं नाही. खोकला थांबेना. श्वास आत जायचा आणि तिथं काही सापडत नसल्यासारखा तसाच परत यायचा. आनंदराज एका हातावर टेकले. कोपऱ्यात लिंबाजींचा हात स्पीकरच्या कापडाकडं गेला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आवाज उठला. गोड नव्हता. रोज पोरांना गप्प बसवणारा, सरळ आणि सपाट. लुंबिनीबाई जिथं ओळ तुटली होती तिथून ती पुढं म्हणत होत्या. लिंबाजींनी हात मागं घेतला. वस्ती मागून म्हणू लागली.

आनंदराजांनी आयुष्यभर ही ओळ दुसऱ्यांना दिली होती. ती कुणी आपल्याला दिली तर घ्यावी लागते, हे त्यांना माहीतच नव्हतं. समादियामि, लुंबिनीबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या मागून, जवळपास न ऐकू येणाऱ्या आवाजात, आनंदराजही म्हणाले. भिंतीपाशी पारूबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

नंतर खीर वाटली गेली. आनंदराज विहारामागच्या पायरीवर जाऊन बसले. लुंबिनीबाई वाटी घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. वाटी तशीच हातात धरून त्यांनी विचारलं.

"पुढच्या पौर्णिमेला मीच म्हणू?"

"म्हण."

"त्याच्या पुढच्या?"

आनंदराज सदऱ्याचा रिकामा खिसा चाचपू लागले.

"मी म्हणीन हो. दर पौर्णिमेला म्हणीन, मला काय, रोज बोलूनच खाते. पण मागून म्हणायला तुम्ही पायजे ना."

त्यांनी वाटी नवऱ्याच्या हातात दिली. "सकाळी जेबाकडं जायचं. मी बरोबर येते. ती देईल ते घ्यायचं, डिंक तर डिंक."

"हाव, जाऊ" म्हणायला आनंदराजांनी तोंड उघडलं, आणि खोकला आला. लुंबिनीबाईंनी त्यांच्या हातातली वाटी परत घेतली, सांडू नये म्हणून, आणि दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवून त्या उत्तराची वाट बघत बसल्या. आत बायकांनी पातेलं घासायला घेतलं, लिंबाजींनी दिवे मालवायला सुरुवात केली, वाटीतल्या खिरीवर साय धरली, तरी ते उत्तर अजून यायचंच होतं.